नाव ठेवायचं की नावं ठेवायची?

आदरणीय काकू,

मी वाईची. शिक्षण सगळं मराठी माध्यमात. सध्या वाई, महाबळेश्वर, सातारा या भागात सहली नेणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. परदेशी पाहुणे वाढलेत म्हणून थांब्यांवर लावायचे इंग्रजी फलक आणि एक माहितीपत्रक तयार करायचं काम मालकांनी माझ्याकडे दिलं. अमक्या जागेला तमकं म्हणतात, हेच सगळीकडे सांगायचं असल्यामुळे मी प्रत्येक वाक्यात 'कॉल्ड' लिहिलं. मालक म्हणाले, "पानभर कॉल्ड कॉल्ड काय, जरा व्हरायटी आणा." मग मोबाइलवर 'कॉल'चे समानार्थी शब्द शोधले. वीसेक निघाले. एकेक करत सगळे वापरले. मसुदा इंग्लंडहून आलेल्या एका बाईंना दाखवला तर त्या हसायलाच लागल्या. कारण विचारलं तर "व्हेरी चार्मिंग" एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. मसुदा सोबत पाठवते. नेम, कॉल, टर्म, डब, लेबल, ब्रँड, स्टाइल, डेझिग्नेट, या सगळ्यांचा अर्थ एकच असेल तर माझं चुकलं कुठे? पाठ करता येईल असा एखादा नियम असला तर सांगा.

गोंधळलेली पाटीवाली, वाई

प्रिय पाटीवाली,

अक्षरावरून आणि घाबरण्यावरून तू पंचविशीच्या आतबाहेर असशील असं वाटतं, म्हणून 'तू' म्हणते. राग मानू नकोस.

त्या बाई कशाला हसल्या ते तुझ्या पहिल्याच वाक्यात सापडलं. 'वाई इज द सो-कॉल्ड साउथ काशी.' तुला म्हणायचं होतं, वाईला दक्षिण काशी म्हणतात. त्यांनी वाचलं, 'वाई, म्हणे दक्षिण काशी!' कृष्णेच्या घाटावर, ढोल्या गणपतीच्या समोर उभा राहून तुमच्याच कंपनीचा फलक तुमच्याच गावाची टिंगल करतोय. हसू येणार नाही तर काय होणार? 'सो-कॉल्ड' नामाच्या आधी आलं की बहुतेक वेळा आपल्या 'तथाकथित'चं काम करतं. लोक म्हणतात खरे, मला काही पटलेलं नाही. तथाकथित समाजसेवक, तथाकथित तज्ज्ञ, तशी तुझी वाई. तिथे फक्त 'वाई इज नोन ॲज दक्षिण काशी, द काशी ऑफ द साउथ' एवढंच हवं होतं.

वाईट वाटून घेऊ नकोस, याच शब्दाने मलाही एकदा तोंडघशी पाडलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचं इंग्रजी पान मी केलं होतं. संस्थापकांना पंचक्रोशीत 'सहकारमहर्षी' म्हणत. मी मोठ्या भक्तिभावाने लिहिलं, 'अवर फाउंडर, द सो-कॉल्ड सहकारमहर्षी'. स्मरणिका छापली, वाटली, हारतुरे झाले. पंधरा दिवसांनी पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकणारा नातू सुट्टीला आला आणि त्याने त्या ओळीचा अर्थ आजोबांना फोड करून सांगितला. पुढचं विचारू नकोस. मानधनाचा चेक मात्र अजून यायचाय.

गंमत म्हणजे तुझी चूक अगदी हवेतून आलेली नाही. ब्रिटिशांच्या काळातले जिल्हा गॅझेटिअर उघडलेस तर 'सो कॉल्ड' जागोजागी भेटेल. 'सो कॉल्ड आफ्टर' अमका साहेब, 'सो कॉल्ड बिकॉज' तमका दगड. तिथे ते नामाच्या मागून येतं आणि अर्थ सरळ असतो, हे नाव यावरून पडलं. मधे जोडरेघ नाही, मनात खोट नाही. तेच उचलून नामाच्या पुढ्यात ठेवलंस की टोमणा होतो. शास्त्रीय लेखनात पुढ्यात येऊनही ते कधीकधी निरुपद्रवी असतं, पण रस्त्यावरच्या फलकावर तो जुगार खेळायचं कारण नाही.

आता तुमचे मालक. खरी चूक तुझी नाहीच, त्यांच्या 'व्हरायटी'ची आहे. शाळेतल्या निबंधाच्या तासाला आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पुनरुक्तीची धास्ती भरून ठेवलेली असते. मराठीत पाच ओळींत पाच वेळा 'म्हणतात' आलं तर कोणी अडखळतं का? तेच 'म्हणतात', 'संबोधतात', 'नामाभिधान पावले', 'बिरुद मिरवते', 'ओळखले जाते' अशी वरात काढ, वाचणारा दुसऱ्या ओळीला थांबेल आणि मजकूर सोडून लिहिणाऱ्याकडे बघायला लागेल. इंग्रजीतलं 'कॉल' हे आपल्या 'म्हणतात'सारखंच आहे. ते दिसत नाही, आणि दिसत नाही हाच त्याचा गुण. एका फलकावर तीनदा आलं तर येऊ दे.

पण तुझा प्रश्न त्याहून खोल आहे. अर्थ एकच असेल तर चुकलं कुठे, असं तू विचारतेस. आपल्याच घरात डोकावून बघ. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव ठेवते. तासाभरात शेजारीण त्याच नावाला नावं ठेवते. लिहिताना फरक एका टिंबाचा, पण आत्याला जे विचारून करायला लावतात ते शेजारीण न विचारता करते. वर्गातली पोरं मास्तरांचं नाव पाडतात. लग्नानंतर कोणी नवऱ्याचं नाव लावतं, कोणी लावत नाही. तलाठी सातबाऱ्यावर नाव चढवतो. पोरगं मोठं होऊन घराण्याचं नाव काढतं किंवा घालवतं, आणि उखाण्यात नाव घेतात ते आणखी निराळं. 'पोरांनी मास्तरांचं नाव ठेवलं' असं तू चुकूनही म्हणणार नाहीस. कारण तुझ्या कानाला माहीत आहे की पाडणारा आणि ठेवणारा वेगळा, आणि ज्याला नाव मिळतं त्याची खुशीही वेगळी.

इंग्रजीतही डिट्टो हेच चालतं. शब्दकोश त्या वीस क्रियापदांना एका ओळीत बसवतो, तेवढ्यावर विसंबू नकोस. वाक्यापाशी थांबून स्वतःला विचार, हे नाव दिलं कोणी आणि त्याला तो हक्क होता का? तुझ्या मसुद्यातले बहुतेक घोटाळे एवढ्यानेच सुटतील.

सगळ्यात आधी 'नेम' आणि 'कॉल' एकमेकांपासून सोडवून घेऊ. 'नेम' म्हणजे नाव ठेवणं. ते एकदा होतं, कोणीतरी करतं, बऱ्याचदा त्याची तारीखही सांगता येते. 'कॉल' म्हणजे म्हणणं. ते रोज होतं आणि कोणीही करतं. मुंबईचं बोरीबंदरचं स्टेशन घे. १८८७ साली ते व्हिक्टोरिया टर्मिनस झालं, १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि २०१७ साली त्यात 'महाराज' आलं. ही झाली नावं ठेवणं, म्हणजे नेमिंग. (बघ, इथे मलाच अनुस्वार नडला.) माझे मेहुणे अजूनही 'व्हीटीला उतरलो' म्हणतात, त्यांचे वडील शेवटपर्यंत बोरीबंदर म्हणायचे. ते कॉलिंग. 'द स्टेशन वॉज रीनेम्ड इन १९९६, बट मेनी स्टिल कॉल इट व्हीटी.' यातली दोन क्रियापदं एकमेकांच्या जागी ठेवून बघ. मुंबईकर रोज सकाळी सव्वाआठला स्टेशनचं बारसं करतात असं काहीतरी होऊन बसेल.

जाता जाता, 'नेम' हा आपला भाऊबंदच आहे. संस्कृत 'नामन्', लॅटिन 'नोमेन' आणि इंग्रजी 'नेम' हे एकाच कुळातले. त्या लॅटिन घरातूनच 'नॉमिनेट' आला, जो तुला बँकेच्या फॉर्मवर भेटतो. त्याचा अर्थ नेमणुकीसाठी किंवा हक्कासाठी नाव सुचवणं. तुझ्या नवव्या वाक्यातला धबधबा 'नॉमिनेटेड' आहे, तो कुठल्याही निवडणुकीला उभा नसेल तर तिथे साधं 'कॉल्ड' कर.

आता अजिंक्यताऱ्याचा फलक. 'औरंगजेब ख्रिस्टन्ड द फोर्ट आझमतारा.' हे वाक्य मी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं, माफ कर. 'ख्रिस्टन' म्हणजे मुळात ख्रिस्ती करून घेणं, बाप्तिस्मा देऊन नाव ठेवणं. आलमगीर बादशहाने साताऱ्याच्या किल्ल्याला पवित्र पाणी शिंपडून ख्रिस्ती धर्मात घेतलं, असं चित्र तू त्या बाईंसमोर उभं केलंस. आता सैल अर्थाने हा शब्द कशालाही लावतात. जहाज पाण्यात सोडताना तिकडे शॅम्पेनची बाटली फोडतात, आपल्या आरमाराचं जहाज असेल तर नारळ फुटतो, आणि वर्तमानपत्रं दोन्हीला 'ख्रिस्टन्ड' लिहितात. नव्या गाडीला लाडाने नाव दिलं तरी चालतं. पण जिथे धर्माचा आणि युद्धाचा संबंध आहे तिथे शब्दाचं मूळ लगेच डोकं वर काढतं. किल्ला १७०० साली औरंगजेबाच्या हाती गेला, त्याने मुलाच्या, आझमच्या नावावरून त्याला आझमतारा केलं, मराठ्यांनी परत घेतल्यावर तो अजिंक्यतारा झाला. दोन्हीकडे साधं 'रीनेम्ड' लिही. जिंकणारा नाव बदलतो, हे त्या एका क्रियापदात दोनदा आलं की न सांगता कळतं. हीच पुनरुक्ती मालकांना दाखव.

'रीनेम' मात्र इंग्रजीतला तोकडा शब्द आहे, हे आपण मराठी माणसांनी तरी विसरू नये. आपल्याकडे नामांतर वेगळं आणि नामविस्तार वेगळा. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला, त्याला म्हणत नामांतर. घरं जळली, माणसं गेली, मोर्चे निघाले, आणि १४ जानेवारी १९९४ ला जे झालं त्याला सरकारने नाव दिलं नामविस्तार, कारण 'मराठवाडा' हा शब्द राहिला आणि त्याच्या आधी बाबासाहेबांचं नाव आलं. साडेपंधरा वर्षांचा संघर्ष या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे. इंग्रजी बातमी दोन्हीला 'रीनेम्ड' म्हणून मोकळी होते. तुला कधी हा इतिहास इंग्रजीत लिहावा लागला तर एका क्रियापदावर भागवू नकोस, दोन वाक्यं खर्च कर.

महाबळेश्वरच्या फलकावर तू लिहिलंयस, 'सर जॉन माल्कम ब्रँडेड द व्हिलेज मालकमपेठ.' आजच्या जाहिरातवाल्यांच्या तोंडी 'ब्रँडिंग' फार गोड झालंय, म्हणून तुला तो शब्द बरा वाटला असणार. पण 'ब्रँड' म्हणजे मुळात जळतं लाकूड, आणि मग तापलेल्या लोखंडाने गुरांच्या अंगावर उठवलेली खूण. आपल्या धनगर-गवळ्यांना डागणी माहीत आहे, चित्र तेच. माणसाच्या बाबतीत हा शब्द आला की तो शिक्काच असतो, आणि वाईटाचाच असतो. 'ब्रँडेड अ थीफ', 'ब्रँडेड अ ट्रेटर'. चांगल्या माणसाला कोणी 'ब्रँडेड अ सेंट' म्हणत नाही. माल्कम १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर होता, थंड हवेचं ठाणं म्हणून महाबळेश्वर त्याच्या काळात वसलं आणि वस्तीला त्याचं नाव मिळालं. 'द सेटलमेंट वॉज नेम्ड मालकमपेठ आफ्टर सर जॉन माल्कम.' बस. नाव कोणाचं ते सांगितलंस, ठेवलं कोणी याच्या भानगडीत पडली नाहीस.

पण 'ब्रँड' टाकून देऊ नकोस. काही ठिकाणी तोच शब्द हवा. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. सरकारी भाषेत त्या जमाती 'नोटिफाइड' होत्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला आणि त्याच जमाती 'डीनोटिफाइड' झाल्या, आपण विमुक्त म्हणतो. 'नोटिफाय' हा शब्द किती स्वच्छ, इस्त्री केलेला आहे बघ, जणू वीजबिलाची तारीख कळवली. ज्याला रोज पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी लागत होती त्याच्या बाजूने लिहायचं तर 'ब्रँडेड ॲज क्रिमिनल्स' हेच खरं. कायदा काय म्हणाला हे सांगायचं असेल तर 'नोटिफाइड', कायद्याने काय केलं हे सांगायचं असेल तर 'ब्रँडेड'. यात समानार्थी काहीही नाही.

'डब' तू दोन ठिकाणी वापरलायस, एक झकास आणि एक फसलेला. झकास ते हे: 'महाबळेश्वर इज ऑफन डब्ड द स्ट्रॉबेरी कॅपिटल ऑफ इंडिया.' 'डब' म्हणजे आपलं नाव पाडणं, पण जरा मिरवत, टोपणनाव किंवा बिरुद देत. शब्द मोठ्या घराण्यातला आहे. राजा गुडघ्यावर बसलेल्या तरुणाच्या खांद्याला तलवार टेकवून त्याला सरदारकी द्यायचा, ते 'डबिंग'. अकराव्या शतकात विल्यम राजाने आपल्या मुलाला, हेन्रीला, असं डब केल्याची नोंद त्यांच्या जुन्या बखरीत आहे. तलवार गेली, शब्द वर्तमानपत्रांच्या हाती आला. मथळ्यात बसायला आखूड, आणि 'कोणी डब केलं?' असं कोणी विचारत नाही, म्हणून उपसंपादकांचा फार लाडका. (दक्षिणेतला सिनेमा हिंदीत 'डब' होतो तो शब्द निराळा, 'डबल'चा आखूड अवतार. दोघांची फक्त तोंडओळख आहे.)

फसलेला डब टिळकांच्या वाक्यात आहे. माहितीपत्रकात टिळकांना का आणलंस हे मला कळलं नाही, पण आणलंच आहेस तर बघू. 'टिळक वॉज डब्ड फादर ऑफ इंडियन अनरेस्ट.' कोणी डब केलं? लंडनच्या टाइम्सचा पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल याने १९१० साली, आणि त्याला काही हार घालायचा नव्हता. आरोप करायचा होता. टिळकांनी त्याच्यावर लंडनच्या कोर्टात अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि १९१९ साली ती हरले. म्हणजे चिरोलचं वाक्य सांगताना 'लेबल्ड' किंवा 'ब्रँडेड' हवं. आणि आज शाळाशाळांच्या भिंतींवर 'भारतीय असंतोषाचे जनक' अभिमानाने रंगवलेलं असतं, ते सांगताना 'हेल्ड ॲज', म्हणजे गौरवाने म्हटलेलं. नाव एकच, शब्द तेच, शंभर वर्षांत क्रियापद उलटं झालं. 'डब्ड' लिहिलंस की ती सगळी मारामारी पुसली जाते आणि टिळकांना कुठल्यातरी क्लबाने किताब दिल्यासारखं वाटतं.

'लेबल'बद्दल आमच्या स्वयंपाकघरातून सांगते. सासूबाईंच्या फडताळात बोर्नव्हिटाच्या बरणीत हिंगाचे खडे असत, हॉर्लिक्सच्या बाटलीत पिठीसाखर आणि 'चहा' असं कोरलेल्या पितळी डब्यात सुट्टे पैसे. त्यांना कधी अडलं नाही, पाहुण्या सुनेला मात्र रोज अडायचं. लेबल हे असं वरून चिकटवलेलं असतं, आत काय आहे याची हमी ते देत नाही. या शब्दाचा जुना फ्रेंच अर्थ फीत, पट्टी असाच आहे. म्हणून वस्तूला लेबल लावणं निर्दोष, 'द जार्स आर लेबल्ड', पण माणसाला लावलं की उरकून टाकल्याची तक्रार त्यात येते. 'द टीचर लेबल्ड हिम स्लो', म्हणजे मास्तरांनी पोराला मठ्ठ ठरवून हात झटकले. तुझ्या वाक्यात स्ट्रॉबेरी 'लेबल्ड जीआय' आहे. खोक्यावरचा कागद सांगायचा असेल तर ठीक. पण २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला जे मिळालं ते भौगोलिक मानांकन आहे, कायद्याने नोंदलेलं, तिथे 'रजिस्टर्ड' म्हण. बोलताना सगळे 'जीआय टॅग' म्हणतात, तेही चालेल, टॅग हा लेबलचा सुटसुटीत धाकटा भाऊ. लिहिताना लेबलच्या भूतकाळात ब्रिटिश पद्धतीने 'एल' दोनदा येतो, अमेरिकन पद्धतीने एकदा. कुठलीही एक धर आणि शेवटपर्यंत सोडू नकोस.

'डेझिग्नेट' हा अधिकाराच्या खुर्चीतून येणारा शब्द, सरकार किंवा संस्था एखाद्या जागेला दर्जा देते तेव्हाचा. तुझ्या मसुद्यात गावकऱ्यांनी टेकडीला 'डेझिग्नेट' केलंय, बिचाऱ्यांकडे एवढे शिक्के नसतात. पण कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि प्रतापगड २०२५ साली मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर आला, तिथे हा शब्द शोभेल. युनेस्कोवाले स्वतः 'इन्स्क्राइब्ड' म्हणतात, तो आणखी नेमका.

'टर्म' हा व्याख्येचा शब्द. त्याचं मूळ लॅटिन 'टर्मिनस', म्हणजे हद्द, सीमा. व्हीटीतला 'टी' तोच. गाडी जिथे संपते ते टर्मिनस आणि शब्दाचा अर्थ जिथे आखून संपवला ती टर्म. विश्वकोशाचं काम वर्षानुवर्षं तुझ्या वाईतच चालत आलंय, तिथे लोक याला परिभाषा म्हणतात. डॉक्टर, वकील, शास्त्रज्ञ 'टर्म' करतात, नदीकाठची माणसं नाही. 'द रिव्हर इज टर्म्ड कृष्णा' वाचून मला वाटलं की नदी नाही, एखादा आजार आहे. तिथे तर कुठलंच क्रियापद नको. 'धिस इज द कृष्णा.' घाटावर उभ्या माणसाला समोर पाणी दिसतंय, नाव सांग आणि बाजूला हो.

एका वाक्यावर मात्र छापण्याआधी नक्की फुली मार. 'शिवाजी महाराज स्टाइल्ड हिमसेल्फ छत्रपती.' व्याकरण बिनचूक आहे. इतिहासाच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत राजे लोक असंच स्वतःला 'स्टाइल' करतात आणि त्यात अपमान नसतो, 'स्टाइल' म्हणजे अधिकृत पदवी. पण आजच्या वाचकाच्या कानात 'सेल्फ-स्टाइल्ड' बसलेलं आहे, आपलं 'स्वयंघोषित'. स्वयंघोषित बाबा, स्वयंघोषित नेता. साताऱ्यात, छत्रपतींच्या गादीच्या गावात, हा फलक लावून तू कंपनीच्या काचा फोडून घेशील, आणि अर्थाच्या दृष्टीनेही ते चूक ठरेल. ६ जून १६७४ ला रायगडावर विधिपूर्वक राज्याभिषेक झाला, सगळ्या जगाला कळवून झाला. 'वॉज क्राउन्ड छत्रपती ॲट रायगड ऑन ६ जून १६७४.' हक्क, विधी, जागा, तारीख, सगळं एका ओळीत आलं.

आता तो 'ॲज'. तुझ्या मसुद्यात मी मोजले, 'कॉल्ड ॲज' अकरा वेळा आहे, 'नेम्ड ॲज' चारदा. हा आपला मराठी रोग आहे आणि त्याचं कारण मला फार गोड वाटतं. आपण म्हणतो, 'याला आर्थर सीट असं म्हणतात.' त्या 'असं'ला इंग्रजीत कुठेतरी बसवायचं म्हणून तोंडातून 'ॲज' निघतो, दोघांचा आवाजही जवळजवळ सारखा. पण 'कॉल', 'नेम', 'टर्म', 'डब' यांना हा पाहुणा चालत नाही, नाव थेट शेजारी ठेवायचं: 'कॉल्ड आर्थर सीट'. 'नोन', 'डिस्क्राइब्ड', 'रिफर्ड टू' यांना तो लागतोच. 'लेबल', 'ब्रँड', 'डेझिग्नेट' यांना दोन्ही चालतं. एवढं मात्र खरोखर पाठ कर. पाठांतराचं तुला हवं होतं ना, घे.

आणि 'नेम्ड ऑन आर्थर मॅलेट' नको. आपण 'त्याच्या नावावरून' म्हणतो म्हणून तुला 'ऑन' सुचलं. तिकडे नाव 'आफ्टर' ठेवतात, अमेरिकेत 'फॉर'ही म्हणतात. मॅलेटची बायको आणि मुलं सावित्री नदीत बुडाली आणि तो त्या कड्यावर बसून नदीकडे बघत राहायचा, ही गोष्ट तू अगदी पुराव्यासकट घडल्यासारखी लिहिलीयस. गाइड लोक ती सांगतात, मीही लहानपणी ऐकलीय. आधी 'इट इज सेड' जोड, म्हणजे आपलं 'म्हणे', आणि या वेळी ते 'म्हणे' योग्य जागी असेल.

सुधारलेला मसुदा परत पाठवलास तर बघून देईन. रंगाऱ्याला देण्याआधी पाठव, नंतर नको. पत्र्यावरचा ऑइलपेंट घासून काढताना मी एकाला बघितलंय.

तुझी,
काकू

ता. क. माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर मालकांच्या नावापुढे 'अलायस बाळासाहेब' छापलंयस. आपल्या लग्नपत्रिकेतलं 'ऊर्फ' घरंदाज असतं. इंग्रजीतलं 'अलायस' पोलिसांच्या फाइलीत राहतं, आणि त्याच्याच खाली तू मालकांचा फोटो टाकलायस, समोरून काढलेला, पांढऱ्या भिंतीपुढचा. बाकी सगळं राहू दे, हे पान आधी बदल.